पोर्टफोलिओत कमोडिटी घ्यावी का? घ्यायची तर कशात आणि किती?

तुम्ही लिहिलंय की वय ३४, डोंबिवलीला राहता, आतापर्यंत १८ लाख जमलेत, त्यातले १३ इक्विटी म्युच्युअल फंडात आणि ५ पीपीएफ-एफडीत, महिन्याला २५ हजारांची एसआयपी चालू आहे, आणि आता ब्रोकरकडून सारखा फोन येतोय की डायव्हर्सिफिकेशनसाठी (पैसे वेगवेगळ्या ठिकाणी विभागण्यासाठी) क्रूड म्हणजे कच्चं तेल आणि नॅचरल गॅस करा. शिवाय घरी आईचं सोनं आहे ते यात धरायचं का असंही विचारलंय.

आधी उत्तर सांगतो मग कारणं. क्रूड-गॅस नको. सोनं हवं, १० टक्क्यांच्या आसपास, त्यात थोडी चांदी चालेल. मी फोर्टमध्ये एका ब्रोकिंग ऑफिसच्या बॅक ऑफिसला बरीच वर्षं काढलीत, लोकांची लेजर (हिशेबाची खाती) रोज डोळ्यासमोरून गेलीत, त्यामुळे या विषयावर जरा कळकळीने लिहितो, लांबलं तर समजून घ्या.

कमोडिटी (तेल, तांबं, सोनं अशा वस्तू) हा एकच शब्द असला तरी आतल्या वस्तू एकमेकींसारख्या वागत नाहीत, इथेच बहुतेक लोक फसतात. २००८ आठवा. जानेवारीत सेन्सेक्स २१ हजार, ऑक्टोबरमध्ये एका दिवशी ८ हजारांच्याही खाली. त्याच वर्षी क्रूड जुलैमध्ये १४७ डॉलर होतं आणि डिसेंबरमध्ये ४० च्या खाली आलं. म्हणजे शेअर पडले तर क्रूड सांभाळेल असं समजून ज्याने ते घेतलं असेल त्याचं दोन्हीकडून गेलं. कारण साधं आहे, तेल काय नि तांबं काय, कारखाने आणि गाड्या चालल्या तर लागतं, मंदी आली की शेअर ज्या कारणाने पडतात त्याच कारणाने हे पण पडतं. सोन्याचं तसं नाही. ते कोणी जाळून संपवत नाही, लोक घाबरले की उलट तेच घ्यायला धावतात, आणि आपल्यासाठी अजून एक गोष्ट म्हणजे सोन्याचा भाव डॉलरमध्ये ठरतो आणि जगात गडबड झाली की बऱ्याचदा आपला रुपया घसरतो. २००८ च्या सुरुवातीला डॉलर ३९ च्या आसपास होता, वर्षाच्या शेवटी ५० च्या जवळ, त्यामुळे रुपयात सोनं त्या वर्षी वरच गेलं. २०१३ ला उलटं बघायला मिळालं, डॉलरमध्ये सोनं जोरात आपटलं पण इथे तेवढा मार बसला नाही, कारण रुपया ६८ पर्यंत गेला आणि सरकारने आयात शुल्क पण वाढवलं.

आता ब्रोकर म्हणतोय त्याबद्दल. एमसीएक्सवर (कमोडिटीचे सौदे होतात तो बाजार) तुम्ही तेल विकत घेत नाही, तेलाचा फ्युचर घेता, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा आजच्या ठरलेल्या भावाला, आणि त्याला एक्सपायरी म्हणजे संपण्याची तारीख असते. पोझिशन ठेवायची तर दर महिन्याला जुना सौदा काढून पुढच्या महिन्याचा घ्यायचा, आणि पुढच्या महिन्याचा भाव बऱ्याचदा जास्त असतो. आपल्याकडे भाड्याने राहणाऱ्याचा ११ महिन्यांचा करार संपतो तेव्हा पुन्हा दलाली, भाडंवाढ, टेम्पोचा खर्च, तसंच, फक्त इथे दर महिन्याला घर बदलायचंय. तेलाचा भाव वर्षभर तिथल्या तिथे राहिला तरी तुमचे पैसे या रोलओव्हरमध्ये झिजत जातात. कधी पुढचा महिना स्वस्त असतो तेव्हा फायदा पण होतो, पण त्याचा अंदाज बांधणं हे नोकरी करून, रोज डोंबिवलीहून फास्ट पकडून जाणाऱ्या माणसाचं काम नाही. आणि त्यात मार्जिनवर व्यवहार, म्हणजे खिशात थोडे आणि सौदा मोठा.

२० एप्रिल २०२० चा सोमवार मी विसरू शकत नाही. लॉकडाऊनमुळे एमसीएक्स संध्याकाळी ५ ला बंद होत होतं, एप्रिलचा क्रूड शेवटच्या दिवशी हजाराच्या आत होता, आणि ज्यांनी ‘आता याच्या खाली कुठे जाणार’ म्हणून खरेदी केलेली ते निवांत होते. इकडे बाजार बंद, आणि रात्री अमेरिकेत तोच क्रूड उणे ३७.६३ डॉलरवर सेटल झाला (त्या भावाने हिशेब चुकता झाला). आपल्याकडचा शेवटचा भाव तिकडच्या भावावर ठरत असल्यामुळे इथला सौदा उणे २,८८४ रुपये प्रति बॅरलला सेटल झाला. एक लॉट म्हणजे १०० बॅरल. म्हणजे ज्याचा एक लॉट होता त्याचे घेतलेले सगळे पैसे गेले आणि वर पुन्हा २,८८,४०० रुपये देणं लागला. मी घरून लॉगिन करून लेजर बघत होतो, छोटे छोटे ट्रेडर, कोणी दुकानदार, कोणी रिटायर माणूस. फोनवर काय बोलायचं तेच सुचत नव्हतं. शेअर किती पडला तरी शून्यावर थांबतो, हे शून्याच्या खाली गेलं. म्हणून याला गुंतवणूक म्हणून कोणी विकत असेल तर मला खरंच राग येतो. (ज्याचा धंदाच तेलाचा, तांब्याचा आहे, ज्याला भाव पक्का करून ठेवायचाय, त्याच्यासाठी फ्युचर आहेत आणि त्याला ते उपयोगी पण पडतात. तुम्ही तो माणूस नाही.)

तेल-धातूच्या कंपन्यांचे शेअर घेतले तर तोही मार्ग नाही, मार्च २०२० ला ते बाजाराबरोबरच पडले. ते इक्विटीच आहे, आणि तुमच्या फंडात आधीच असणार.

आता सोन्याचीही दुसरी बाजू सांगतो, कारण सध्या सगळे फक्त वाढलेला भाव बघून येतायत. मी स्वतः २०१२ ला गोल्ड ईटीएफ (शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा सोन्याचा फंड) चालू केला तेव्हा १० ग्रॅम ३१ हजारांच्या आसपास होतं. २०१८ ला पण तेवढंच. सहा वर्षं! एफडीवाला भाऊ पुढे निघून गेला, घरी बायको विचारायची की हे का ठेवलंय, आणि माझ्याकडे चांगलं उत्तर नसायचं. उत्तर मिळालं मार्च २०२० ला. सेन्सेक्स जानेवारीत ४२ हजारांच्या घरात होता तो २३ मार्चला २५,९८१ वर बंद झाला, आणि माझं सोनं ४० हजारांच्या वर. मी एप्रिलमध्ये त्यातलं एक तृतीयांश विकून इंडेक्स फंडात (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकाप्रमाणे चालणारा शेअरचा फंड) टाकलं. ते वर्ष संपेपर्यंत सेन्सेक्स ४७ हजारांवर होता. सोन्याने मला खूप मोठा परतावा दिला असं नाही, पण सगळं स्वस्त झालेलं असताना हातात विकण्यासारखं काहीतरी होतं, पीपीएफ मोडता येत नव्हता नि इक्विटी तोट्यात होती. मला कमोडिटीचा उपयोग एवढाच आणि एवढा मोठा वाटतो. पण त्यासाठी विकावं लागतं. नुसतं साठवून ठेवलं तर त्या सहा वर्षांचा कंटाळा फुकट जातो.

म्हणून आधी नियम ठरवा आणि कुठेतरी लिहून ठेवा. लक्ष्य १० टक्के. वर्षातून एकदा, पाडव्याला म्हणा, बघायचं, १५ च्या वर गेलं तर विकून १० वर आणायचं, ७ च्या खाली आलं तर भरायचं. तुमच्या १८ लाखांचे १० टक्के म्हणजे १.८ लाख, ते एकदम टाकू नका, २५ हजारांच्या एसआयपीतले ५ हजार इकडे वळवले तर तीन वर्षांत होतील, घाई कसलीच नाही. हे आपल्याच्याने होणार नाही, वाढत असताना विकायला हात धजणार नाही असं वाटत असेल (प्रामाणिकपणे विचार करा, बहुतेकांना नाही जमत) तर मल्टी अ‍ॅसेट अ‍ॅलोकेशन फंड घ्या, त्यात सेबीच्या (शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांवर देखरेख करणारी संस्था) नियमाप्रमाणे किमान तीन प्रकारच्या मालमत्तेत प्रत्येकी किमान १० टक्के ठेवावे लागतात आणि विकणं-घेणं फंड मॅनेजर करतो.

कशात घ्यायचं? डीमॅट असेल तर गोल्ड ईटीएफ, नसेल तर गोल्ड फंड, त्यात खर्च थोडा जास्त. ईटीएफ एक वर्षानंतर विकला तर नफ्यावर १२.५ टक्के कर, फंडाला त्यासाठी दोन वर्षं लागतात. सरकारचे गोल्ड बाँड सगळ्यात चांगले होते, अडीच टक्के व्याज मिळायचं, पण फेब्रुवारी २०२४ नंतर नवीन आले नाहीत. जुने एक्स्चेंजवर मिळतात पण व्हॉल्युम म्हणजे खरेदी-विक्री कमी, आणि व्याज मूळ इश्यूच्या किमतीवर मिळतं, तुम्ही दिलेल्या किमतीवर नाही, हे विसरू नका. अ‍ॅपवरचं डिजिटल गोल्ड नको, ते आपल्या देखरेखीखाली येत नाही असं सेबीने २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये स्पष्ट सांगितलंय.

चांदी ठेवायचीच तर सोन्याच्या पाव भागापेक्षा जास्त नको. १९८० च्या जानेवारीत चांदी ५० डॉलरच्या आसपास गेली होती, २०११ ला पुन्हा तिथपर्यंत जाऊन आपटली, आणि तो आकडा खऱ्या अर्थाने ओलांडला ऑक्टोबर २०२५ मध्ये. ४५ वर्षं. आणि त्या दिवाळीत काय झालं ते पण बघा, बाजारात चांदीची टंचाई, सिल्व्हर ईटीएफ आतल्या चांदीच्या किमतीपेक्षा महाग विकले जात होते, काही फंड हाउसनी चांदीच्या फंडात एकरकमी पैसे घेणंच थांबवलं. म्हणून ईटीएफ घेताना आय-एनएव्ही (ईटीएफच्या आतल्या मालाची त्या क्षणाची किंमत) बघायची सवय लावा, भाव त्याच्यापेक्षा बराच वर असेल तर त्या दिवशी थांबा.

आता आईंचं सोनं. मंगळसूत्र, पाटल्या, तोडे हे धरू नका, कारण तुम्ही ते विकणार नाही, आणि विकलंच तर घडणावळ गेली, वर सोनार घट धरणार. पण गुरुपुष्याला घेतलेली वेढणी किंवा नाणी असतील, आणि ती वेळ आली तर मोडायला आईंची हरकत नसेल, तर ती धरा, कदाचित तुमचे १० टक्के आधीच कपाटात असतील आणि नवीन काही घ्यावंच लागणार नाही. त्यांना आधी विचारा मात्र, ते त्यांचं आहे. पावत्या सापडल्या तर जपून ठेवा, विकताना कर मोजायला खरेदीची किंमत लागते. १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर त्या तारखेचा बाजारभाव धरता येतो.