परफेक्ट मुलीची काळी बाजू कथेत पटेल अशी कशी दाखवावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: किशोरवाचकांसाठी सायकॉलॉजिकल सस्पेन्स कादंबरी लिहिताय. नायिका सोळा वर्षांची, सगळ्यात पहिली, कुणालाही आवडावी अशी. उत्तरार्धात ती भयंकर वागते, आणि मसुदा वाचणारे म्हणतात, "ही एकदम व्हिलन कशी झाली?" शिवाय शेवटी ती सापडावी की सुटावी, हेही तुमचं ठरत नाहीये.

मी शाळेत असताना थोडीफार तुमच्या नायिकेसारखीच होते. वहीत खाडाखोड मला चालायची नाही. शब्द चुकला की पान फाडायचं. मधे शिवलेल्या वहीचं एक पान फाडलं की त्याचं जोडपान सुटतं, म्हणून तेही नव्याने लिहायचं. सगळे कौतुक करायचे. एकदा वर्गातली एक मुलगी बरेच दिवस आजारी होती, तिने माझ्या नोट्स मागितल्या. मी दोन रात्री जागून तिच्यासाठी सगळ्या नोट्स स्वच्छ अक्षरात उतरवून दिल्या. फक्त एका धड्याचं एक पान उतरवलं नाही. विसरले नव्हते. परीक्षेत नेमका त्या पानावरचा प्रश्न आला. तेव्हा वाईट वाटल्याचं मला आठवत नाही. आठवते ती भीती: हिने माझी मूळ वही पाहिली तर?

आता बघा, दोन रात्री जागणारी आणि पान गाळणारी मुलगी एकच होती. दोन्ही कामांत तिने सारखीच काळजी घेतली. तुमच्या मसुद्यात पहिली दोनशे पानं एक मुलगी आहे आणि मग बटण दाबल्यासारखी दुसरीच येते. घोटाळा तिथेच आहे. तिची काळी बाजू म्हणजे तोच खाडाखोड न चालणारा हात आहे, आता तो वहीऐवजी माणसांवर फिरतोय. सुरुवातीला ती पान फाडते, मग एक मेसेज डिलीट करते, मग एखाद्या मैत्रिणीला ग्रुपमधून अलगद बाजूला काढते आणि शेवटी तिची चूक पाहिलेला माणूसच तिला चूक वाटायला लागतो. पायऱ्या एवढ्या जवळ ठेवा, की वाचकाला कुठल्याच पायरीवर 'थांब' म्हणायला जागा मिळू नये.

मानसशास्त्रातलं थोडं वाचलंत तर पुष्कळ धागे मिळतील. पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट यांनी 1991 साली परफेक्शनिझमचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून अपेक्षा, दुसऱ्यांकडून अपेक्षा, आणि 'जग माझ्याकडून परिपूर्णतेची अपेक्षा करतंय' ही समजूत. सस्पेन्सवाले लेखक बहुतेक तिसरा प्रकार उचलतात आणि त्याला एक कडक आई जोडून देतात. (कृपा करून ती आई काढा. तिच्यामुळे सगळा दोष तिच्यावर जातो आणि मुलगी बिचारी ठरते.) थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या 41,641 कॉलेज विद्यार्थ्यांची 1989 ते 2016 या काळातली माहिती एकत्र तपासली, तेव्हा तिन्ही प्रकार वाढलेले दिसले आणि तिसरा सगळ्यात जास्त, 33 टक्क्यांनी. म्हणजे तुमच्या वाचकाला हा दबाव समजावून सांगायची गरजच नाही, तो त्याच्या ओळखीचा आहे. तुम्ही दुसऱ्या प्रकाराकडे वळा. "माझ्या मैत्रिणीने असं गबाळं राहायचं नाही" हे प्रेमाने म्हणणारी मुलगी मला कुठल्याही सुऱ्यापेक्षा भीतिदायक वाटते.

दुसरा धागा शरमेचा. हेलन ब्लॉक लुईस यांच्या 1971 च्या पुस्तकापासून अपराधीपण आणि शरम यांत फरक केला जातो: अपराधीपणात 'मी वाईट केलं' असतं, शरमेत 'मीच वाईट आहे'. ज्याला अपराधी वाटतं तो माफी मागायला जातो. ज्याला शरम वाटते तो लपतो, नाहीतर समोरच्यावर उलटतो. तुमच्या नायिकेला फक्त शरम द्या. ती "सॉरी" शंभरदा म्हणेल, अगदी सुंदर अक्षरात चिठ्ठीही लिहील, पण काय केलं ते एकदाही सांगणार नाही. नंतरची सगळी कारस्थानं यातून आपोआप निघतात, वेगळं कारण शोधावं लागत नाही.

आता निवेदनाबद्दल, कारण खरी गंमत तिथे आहे. कथा तिच्याच तोंडून सांगा, पण तिला सरळ खोटं बोलू देऊ नका. तिला वही फेअर करू द्या. एकच प्रसंग, समजा जिन्यावरची झटापट, ती तीनदा सांगते. पहिल्यांदा घाईत: कोण कुठे उभं होतं, बॅगेचा पट्टा कुणाच्या हातात होता, आपण काय ओरडलो. दुसऱ्यांदा वाक्यं नीटनेटकी होतात आणि पट्टा गायब होतो. तिसऱ्यांदा सगळं इतकं स्वच्छ असतं, की ती स्वतः त्या जिन्यावर नव्हतीच. कुठेही 'ती खोटं बोलतेय' असं लिहू नका. ज्या वाचकाला पट्टा आठवेल तो मागची पानं उलटेल, आणि मागे जाणारा वाचक हीच सस्पेन्स लिहिणाऱ्याची कमाई.

एक सांभाळा. परफेक्शनिझम हा काही गुन्हेगाराचा शिक्का नाही. प्रत्यक्षात अशी मुलं बहुतेक वेळा स्वतःलाच पोखरत असतात. नैराश्य आणि खाण्याच्या विकारांशी त्याचा संबंध संशोधनात वारंवार दिसला आहे. तेव्हा निदानाचं लेबल लावून तिला राक्षस करू नका आणि स्वतःला इजा करण्याचे तपशील तर अजिबात देऊ नका. तुमचा वाचक चौदा वर्षांचाही असेल.

सापडावी की सुटावी? मला पोलीस, कबुली वगैरे नको वाटतं. तिचं कृत्य पूर्ण माहीत असलेल्या एकाच माणसाला उभं करा, आणि तो कुणालाही काही सांगणार नाही, एवढंच ठरवा. तो रोज समोर येईल, हसून बोलेल. ते पान तिला फाडता येणार नाही.

माझ्या त्या वर्गमैत्रिणीने नोट्स परत करताना म्हटलं होतं, "तुझी पानांवर नंबर टाकायची सवय छान आहे." तिला कळलं होतं का, ते मी आजवर विचारलेलं नाही.