म्हातारे वादक, नवा अल्बम

प्रश्न: सत्तरीपुढच्या वादकांचा नवा लॅटिन जॅझ अल्बम मला जाम आवडला, पण ग्रुपमधले सगळे म्हणतात दम नाही, स्लो आहे. माझाच कान चुकतोय का?

उत्तर: अजिबात नाही हो! लोकांना दम म्हणजे स्पीड वाटतो. तुम्ही क्लावे पकडा, म्हणजे या संगीताचा पायाभूत ठेका, दोन लाकडी दांड्यांवरचे ते पाच ठोके, आधी तीन मग दोन किंवा उलट, मुरलेले वादक ते न वाजवताही जाणवून देतात आणि खरी मजा तिथेच आहे. क्यूबन पियानोवादक बेबो वाल्देसच बघा ना, १९६० मध्ये क्यूबा सोडलं, स्टॉकहोमला हॉटेलांत पियानो वाजवत राहिले आणि १९९४ मध्ये ७६व्या वर्षी सॅक्सोफोनवादक पाकितो दि'रिव्हेरासोबत परत रेकॉर्डिंगला बसले. ग्रुपवाल्यांना म्हणावं, एकदा हेडफोन लावून फक्त कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचा तो उंच ढोल, ऐका.