माऊंटन डल्सिमर हे मांडीवर ठेवून वाजवायचं अमेरिकन तंतुवाद्य शिकायचं आहे. गावच्या वाचनालयात दर आठवड्याला वादकांचा गट जमतो. अगदी नवख्या माणसाने तिथे जाऊन बसावं का, आणि सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की मुलाकडे नॉर्थ कॅरोलायनात वर्षभर मुक्काम आहे, पेटी थोडीफार येते, आणि आधी चार-सहा महिने घरी तयारी करून मग गटात जायचा विचार आहे. माझं मत विचाराल तर पुढच्याच बैठकीला जा. वाद्य नसलं तरी जा. बऱ्याच डल्सिमर क्लबांकडे नवख्यांना द्यायला एखादं जादा वाद्य असतं. नसलं तर कुणाचं तरी मांडीवर घेऊन बघता येतं, आणि विकत घेण्याआधी ते झालेलं बरंच.

एकट्याने तयारी करण्यात खरी अडचण अशी की या वाद्यात नवख्याला जे अडतं, त्यातलं बरंचसं तारांच्या जुळणीत आणि वाद्याच्या बांधणीत असतं. आपण मात्र आपल्या बोटांना दोष देत बसतो. शेजारी बसलेल्या जुन्या वादकाच्या ते लगेच लक्षात येतं.

ज्यांनी हे वाद्य पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लांबट, अरुंद लाकडी पेटी, तिच्यावर मधोमध उभी पट्टी, पट्टीवर पडदे आणि तीन किंवा चार तारा. मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं. याच नावाचं, छोट्या हातोड्यांनी वाजवायचं दुसरं वाद्य आहे, ते संतूरच्या कुळातलं. ऑनलाइन खरेदी करताना ही गल्लत नेहमी होते. आपलं हे वाद्य एकोणिसाव्या शतकात अ‍ॅपलाचियन डोंगरांत घडलं. जर्मन लोकांच्या शाइटहोल्ट नावाच्या वाद्याशी त्याचं नातं सांगतात. केंटकीच्या लोकगायिका जीन रिची यांनी १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ते लोकांपुढे आणलं आणि तिथून ते सगळीकडे पसरलं. तुम्ही योग्य मुलखात आहात: नॉर्थ कॅरोलायनातल्याच ब्रासटाउनला १९२५ पासून जॉन सी. कॅम्पबेल फोक स्कूल आहे, तिथे डल्सिमरचे निवासी वर्गही होतात.

आता नवख्याने गटात बसणं का शक्य आहे ते सांगते. गिटारवर बारा स्वरांचे पडदे असतात, इथे मुळात सप्तकाचेच. तारा बहुतेक गटांत डी-ए-डी अशा लावतात: तुमच्यापासून सर्वांत दूरची जाड तार खर्जाची डी, मधली ए, आणि जवळची बारीक तार वरचा डी. आपल्या भाषेत सा-प-सां. सूर बारीक तारेवर वाजतो, बाकीच्या दोन मोकळ्या झंकारत राहतात, म्हणजे तंबोरा वाद्यातच बसवलेला आहे. बारीक तारेवरचे पडदे असे: मोकळी तार सा, १ रे, २ ग, ३ म, ४ प, ५ ध, ६ कोमल नी, ७ वरचा सा. सहा आणि सातच्या मध्ये एक जादा पडदा असतो, त्याला साडेसहावा म्हणतात, तो शुद्ध नी. साडेसहावा वगळला की खमाज थाट, सहावा वगळला की बिलावल. सगळे एकाच सुरात आणि चुकीचे स्वर जवळपास नाहीतच, त्यामुळे दहाजणांत तुमचा एखादा पडदा चुकला तरी कुणाच्या कानाला टोचत नाही.

जुळवणं मात्र घरून शिकून जा. मोबाइलवर ट्यूनरचं अ‍ॅप चालेल, पण बैठकीत आवाजाच्या गर्दीत ते गोंधळतं, म्हणून खुंट्यांपाशी अडकवायचा क्लिपवाला ट्यूनर घ्या. आधी खर्ज डी लावा (सुमारे १४७ हर्ट्झ). मग त्याच तारेचा चौथा पडदा दाबून छेडा; तो ए, तोच मधल्या मोकळ्या तारेचा सूर (२२० हर्ट्झ). मग मधल्या तारेचा तिसरा पडदा. तो डी, तोच बारीक तारेचा (सुमारे २९४ हर्ट्झ). तार जास्त चढली असेल तर थेट खाली आणून थांबू नका. सुराच्या खाली उतरवा आणि मग वर चढवत आणा, नाहीतर दोन मिनिटांत ती पुन्हा उतरते. तारा तुटतात त्या बहुधा एकाच कारणाने: नजर ट्यूनरवर आणि हात भलत्याच खुंटीवर. सूर का बदलत नाही म्हणून माणूस पिळत राहतो आणि शेजारची तार ताड्‌कन जाते. म्हणून खुंटी पिळताना तीच तार सतत छेडत राहायची.

चार तारांच्या वाद्यात बारीक तार जोडीने असते. या दोन तारा एकमेकींशी केसभर जरी विसंवादी असल्या तरी सगळं वाद्य बेसूर वाटतं. नवख्याने त्यातली एक सरळ काढून टाकावी. वाद्याला काही होत नाही, दाबायला जोर कमी लागतो, आणि अनेक मुरलेले वादकही तीनच तारा ठेवतात.

बसणं: खुर्ची बिनहातांची, दोन्ही पाय जमिनीवर, गुडघे थोडे फाकलेले. वाद्य किंचित तिरकं ठेवायचं, म्हणजे छेडायचं टोक उजव्या कमरेशी आणि खुंट्यांचं टोक डाव्या गुडघ्याच्या थोडं पुढे. ते घसरतंच. कपाटाच्या फळीवर घालतात ती रबरी जाळी मांडीवर टाका, नाहीतर पट्टा बांधा. डावा हात वाद्य सावरण्यात गुंतला की पडद्यांवर मोकळा फिरत नाही.

डाव्या हाताचं बोट पडद्याच्या लगेच डावीकडे टेकवायचं, पडद्यावर नाही आणि दोन पडद्यांच्या मधोमधही नाही. मधोमध दाबलं की तार खरखरते आणि जोर दुप्पट लागतो. बोटांना त्रास होत असेल, सांधे दुखत असतील, तर नोटर वापरा. साधारण ८ ते १० सेंटीमीटरची, बोटाएवढ्या जाडीची लाकडी किंवा बांबूची काडी, ती बारीक तारेवर दाबून सरकवायची. जुनी पद्धत हीच, आणि सरकताना जो घसीट निघतो तो आपल्या कानाला फार ओळखीचा वाटतो.

उजव्या हातात पातळ नखी, ०.५ मिलिमीटरच्या आसपासची. जाड नखी तारांत अडकते आणि ताल मोडतो. पट्टीच्या उजव्या टोकाला एक खोलगट भाग कोरलेला असतो, छेडायचं तिथे. पहिला ठेका: एक लांब झटका शरीरापासून दूर, मग दोन छोटे, दूर आणि जवळ. मनात धा, धिन-धिन म्हणा. मनगट सैल, तिन्ही तारांवरून नखी फक्त पुसून जायला हवी. सूर चुकला तरी हा हात थांबता कामा नये. गटात तुम्हाला टिकवून ठेवतो तो उजवा हात.

पहिल्या बैठकीला एवढं पुरे: ठेका आणि तीन जोड्या, म्हणजे एकदम वाजवायचे स्वर (कॉर्ड). आकडे पडद्यांचे, ० म्हणजे मोकळी तार; ते खर्ज, मधली, बारीक या क्रमाने वाचा. डी म्हणजे ०-०-२, जी म्हणजे ०-१-३, ए म्हणजे १-०-१. जी साठी बारीक तारेवर अंगठा आणि मधल्या तारेवर मधलं बोट. ए साठी अनामिका लांब करून खर्जाच्या तारेवर, जवळच्या तारेवर अंगठा किंवा तर्जनी. जे वाजतंय ते कळत नसलं तर फक्त मोकळ्या तारांवर ठेका धरा, डी सुरातल्या गाण्यात ते सहसा खपून जातं. नवख्यांसाठी हमखास निघणारी जुनी लोकधून म्हणजे 'बॉइल देम कॅबेज डाऊन'. तिचा सांगाडा बारीक तारेवर असा: २ २ २ २, ३ ३ ३, २ २ २ २, १ १ १, पुन्हा २ २ २ २, ३ ३ ३, आणि २, १ करून ० वर सम. एवढ्यात सगळं बसतं. कोमल नी ऐकायचा असेल तर 'ओल्ड जो क्लार्क' सांगा, तिथे सहाव्या पडद्याचं काम कळेल.

छापील कागद मिळेल त्यावर तीन रेघा आणि पडद्यांचे आकडे असतात. कोणती रेघ कोणत्या तारेची, हे डावीकडच्या अक्षरांवरून आधी पाहा. काही लोक खर्ज वर लिहितात, काही खाली. उलटं वाचलं तर आकडे बरोबर आणि गाणं भलतंच. सुरुवातीला कागदापेक्षा समोर बसलेल्याच्या डाव्या हाताकडे पाहिलेलं जास्त उपयोगी, म्हणून शेजारी न बसता समोर जागा धरा.

गटाच्या रीती सोप्या आहेत. दहा मिनिटं आधी जाऊन जुळवून घ्या. कुणी धून सांगत असताना तारा छेडत बसू नका. फिरत्या पाळीने प्रत्येकजण धून सुचवतो. तुमच्यापर्यंत पाळी आली की "पास" म्हणणं पूर्ण मान्य आहे, कुणी आग्रह करत नाही. सुचवायचंच असेल तर नाव, सूर आणि लय तुम्ही सांगायची, आणि लय तुम्ही धराल तीच चालते. नवखे हे विसरतात आणि इतरांच्या वेगामागे धावतात. धून संपवताना पुढारी पाय उचलतो, ती खूण. न विचारता शेजाऱ्याची चूक काढू नये, हा नियम बहुतेक ठिकाणी कुणी बोलून दाखवत नाही पण पाळला जातो.

एक फरक मात्र आधी विचारून घ्या. डल्सिमर क्लब वेगळा आणि 'ओल्ड टाइम जॅम' वेगळी. दुसरीत फिडल आणि बॅन्जो असतात, कागद नसतो, वेग मोठा, आणि सूर डी सोडून जी किंवा ए असू शकतो. तिथे पट्टीवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका पडद्यावर दाबून धरणारा चिमटा, लावावा लागतो: तिसऱ्या पडद्यावर लावला की जी, चौथ्यावर लावला की ए. चौथ्यावर सप्तकात शुद्ध नी मिळत नाही, कोमलच मिळतो. शिवाय डल्सिमरचा आवाज नाजूक, दोन फिडलांपुढे तुमचं तुम्हालाही ऐकू येणार नाही. पहिले काही महिने क्लबच बरा.

घरी सरावाला मात्र त्यांच्या धुनांपुरतं राहू नका. पेटीवर भूप येत असेल तर तो इथे बारीक तारेच्या ०-१-२-४-५-७ या पडद्यांवर जसाच्या तसा बसतो. दुर्गा ०-१-३-४-५-७. देस तर या वाद्यासाठीच केल्यासारखा आहे: चढताना साडेसहावा, उतरताना सहावा. कोमल ग मात्र नाही. तो हवा तर 'दीडवा' पडदा असलेलं वाद्य लागतं, तो असला की काफीही निघतो. तंबोऱ्यावर कान तयार असेल तर दुसऱ्या पडद्याचा गांधार जरा चढा वाटेल. वाटणारच, कारण हल्लीचे पडदे बहुधा समविभागी सप्तकाचे (बारा सारख्या भागांचे) असतात आणि तो गांधार तंबोऱ्यातून आपोआप निघणाऱ्या स्वयंभू गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट वर असतो (असा एक भाग म्हणजे १०० सेंट). पेटीवरही हेच होतं, तेव्हा कान पिळू नका आणि खुंटीही पिळू नका.

वाद्य घेताना चार गोष्टी बघा. साडेसहावा पडदा आहे का. खुंट्या गिअरच्या आहेत का, कारण नुसत्या लाकडी खुंट्या नवख्याला छळतात. तारेची कंप पावणारी लांबी किती: २७-२८ इंच नेहमीची, हात लहान असेल तर २५-२६ घ्या, नाहीतर १-०-१ ला बोटं ताणतात. आणि तार पडद्यापासून किती उंच आहे: पहिल्या पडद्यावर साधारण अर्धा मिलिमीटर आणि सातव्यावर सुमारे दोन मिलिमीटर. पहिल्या पडद्यापाशी तार फार उंच असली की दाबताच सूर चढतो. लोक याला आपला दोष समजतात. खरं तर खुंट्यांकडे तारा ज्या छोट्या आडव्या पट्टीवर टेकतात तिच्या खाचा खोल करून घ्यायच्या असतात, आणि ते काम जाणत्याकडूनच करवावं. घोडी (छेडायच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती) सुटी असेल तर सातव्या पडद्यावर तार हलके स्पर्शून निघणारा सूर आणि दाबून निघणारा सूर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर घोडी केसभर मागे, खुंट्यांपासून दूर सरकवा. भिंतीवर टांगायला केलेली शोभेची वाद्यं नेमकी इथेच मार खातात. त्यापेक्षा पुठ्ठ्याची पेटी आणि लाकडी पट्टी असलेलं शिकाऊ वाद्य कितीतरी स्वस्त आणि सुरात चांगलं असतं. दिसायला खोक्यासारखं आहे, पण लाजू नका.

भारतात परत नेणार असाल तर तारांची काळजी नको. बारीक तार ०.०१२ इंच, मधली ०.०१४, खर्जाची ०.०२२ ची गुंडाळलेली. या गिटारच्या सुट्या तारांत मिळतात. गिटारच्या तारेला टोकाला पितळी मणी असतो आणि डल्सिमरला बहुधा नुसता फास लागतो. पक्कडीने मणी दाबून बाहेर काढला की फास उरतो. थंडीत घरात हीटर चालू असताना वाद्य उघडं ठेवू नका, हवा कोरडी पडून लाकूड चिरतं. वाद्य ठेवायच्या पेटीत आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहील असं बघा. आणि बैठकीहून येताना वाणसामान घ्यायला थांबलात तरी वाद्य उन्हातल्या गाडीत ठेवू नका, सरसाचे सांधे उकलतात.