कोरियातली लेक अन् येळवस

प्रश्न: लेक कोरियात सरकारी शाळेत इंग्रजी शिकवती, दिवाळीला सुट्टीच नाही म्हणती. एकटीनं सण कसे करायचे? – एक आई, लातूर

उत्तर: ताई, तिथं मोठे सण दोन, छुसक (सुगीचा सण) अन् सोल्लाल (चांद्र नववर्ष), तीन-तीन दिवस सुट्टी, पण तेव्हा सगळे गावाकडं निघतात, रेल्वेची तिकिटं आधीच संपतात, आपल्या दिवाळीतल्या लालपरीसारखं. छुसकला सोबतच्या बाईंनी घरी बोलावलं तर लाजू नको म्हणावं, तांदळाच्या पिठात तीळ भरून पाइनच्या पानांवर वाफवलेलं सोंगप्यॉन तरी खायला मिळेल. घरी यायचं तर जानेवारीतली हिवाळी सुट्टी बरी, फक्त शाळेचा इंग्लिश कॅम्प, म्हणजे सुट्टीतले इंग्रजीचे वर्ग, कधीय ते विचारूनच तिकीट काढा. कधी येळवस, आपली शेतात साजरी होणारी मार्गशीर्ष अमावास्या, जानेवारीत आली तर मग काय, भज्जी-आंबील शेतातच!