तुमचे प्रश्न: देवाचं ऐकलं आणि नोकरी गेली

प्रश्न: जय ख्रिस्त ताई. मी अकाउंट्सचं काम करत होतो. साहेबांनी खोट्या बिलांवर सही करायला सांगितली, मी प्रार्थना केली आणि नाही म्हणून सांगितलं, थोड्याच दिवसांत मला काढून टाकलं. तेव्हापासून घरीच आहे. ज्यांनी सह्या केल्या त्यांचं छान चाललंय. प्रेयर ग्रुपमधले म्हणतात तुझ्या आयुष्यात काहीतरी लपलेलं पाप असणार, ते आधी शोध. बायको बोलत नाही काही, पण तिच्याकडे बघवत नाही. प्रार्थनेला बसलो की रागच येतो. आज्ञा पाळून हेच मिळत असेल तर पुढच्या वेळी सही करून मोकळा होऊ का?

उत्तर: नाही दादा, सही करू नका. पण एवढं सांगून पत्र मिटवलं तर तुमच्यावर अन्याय होईल, कारण तुमचा खरा प्रश्न सहीचा नाहीच, देव माझ्या बाजूने होता तर मग असं का झालं हा आहे.

बायबलमधल्या योसेफाची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतो आणि शेवट माहीत असतो म्हणून मधला भाग भरभर वाचून टाकतो. ज्याच्या घरी तो गुलाम होता त्या पोटीफराच्या बायकोने जवळ बोलावलं तेव्हा त्याने नाही म्हटलं, देवाविरुद्ध पाप कसं करू असं स्पष्ट म्हणाला, आणि त्याचा रिझल्ट काय तर खोटा आरोप आणि तुरुंग. म्हणजे देवाचं ऐकल्यामुळेच तो आत गेला. 17 वर्षांचा असताना घर सुटलं आणि फारोपुढे, म्हणजे मिसरच्या राजापुढे, उभा राहिला तेव्हा 30 वर्षांचा होता, मधली 13 वर्षं आधी गुलामी आणि मग कैद. आता बायबलच्या उत्पत्ती पुस्तकाचा 39 वा अध्याय उघडा, परमेश्वर योसेफाबरोबर होता हे वाक्य पोटीफराच्या घरातली भरभराट सांगताना येतं आणि तुरुंगात टाकल्यावर परत तेच येतं. तुमची नोकरी गेली म्हणून देव गेला असा हिशोब तिथे कुठेच बसत नाही.

आणि एक गोष्ट मला फार आवडते, तुरुंगात सोबत असलेल्या, फारोला प्याला देणाऱ्या प्यालेबरदाराला त्याच्या स्वप्नाचा अर्थ सांगून झाल्यावर योसेफ त्याला सरळ म्हणतो की फारोकडे माझा विषय काढ आणि मला इथून सोडव. देवावर भरवसा आहे म्हणून हात बांधून गप्प बसला नाही. (तो प्यालेबरदार पुढे 2 वर्षं त्याला विसरला ते वेगळं.) प्रेषित पौलानेही वेळ आली तेव्हा कैसराकडे, म्हणजे रोमच्या बादशहाकडे, न्याय मागितला, रोमी नागरिक म्हणून हक्क होता तो वापरला. तर तुम्हीही ओळखीच्यांना जॉबसाठी सांगा, बाकी पगार आणि अनुभवाचं पत्र लेखी मागा, जमलं तर वकिलाला विचारा, त्याने विश्वास कमी होत नाही. इंटरव्ह्यूमध्ये जुनी नोकरी का सोडली विचारलं तर खरं कारण एका वाक्यात सांगा, साहेबांच्या तक्रारी लावत बसू नका.

लपलेल्या पापाबद्दल. नीतिमान असूनही सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा 7 दिवस नुसते जवळ बसून राहिले, तेवढंच त्यांनी चांगलं केलं, मग तोंड उघडलं आणि तू काहीतरी केलं असणारच हा जप सुरू केला, शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. जन्मापासून आंधळा असलेल्या माणसाला बघून शिष्यांनी पण हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? येशू म्हणाला दोघांचंही नाही. आपण सगळ्यांनीच स्वतःला तपासावं हे खरं, पण ग्रुपवाल्यांना तुमचा गुन्हा शोधून द्यायची ड्युटी देवाने दिलेली नाही. त्यांना हे माझं नाव सांगून कळवलं तरी चालेल.

रागाचं म्हणाल तर तो देवालाच सांगा ना. बायबलमधलं 13 वं स्तोत्र सुरूच होतं ते परमेश्वरा, किती वेळ, असं विचारत. 88 वं तर अंधारावरच संपतं, शेवटी गोड ओळसुद्धा नाही, तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. स्वतःचे शब्द येत नसतील तर हीच वाचा, मोठ्याने. आणि बायको गप्प आहे म्हणजे ती तुम्हाला दोष देतेय असं तुम्हीच धरून चाललाय, एकदा तिला विचारा तरी, कदाचित ती घाबरलेली असेल. घरखर्चाचा कागद दोघांनी मिळून लिहा आणि मंडळीतल्या (चर्चमधल्या) विश्वासू वडीलधाऱ्यांना खरी परिस्थिती सांगा. मदत घ्यायला लाज वाटू देऊ नका.

प्रश्न: देव झेपेल त्यापेक्षा जास्त देत नाही म्हणतात, मग मला का झेपत नाहीये?

उत्तर: ज्या वचनावरून हे म्हणतात ते 1 करिंथ 10:13 (करिंथच्या मंडळीला पौलाचं पहिलं पत्र), आणि तिथे विषय आहे पापाच्या मोहाचा, देव त्यातून निघायची वाट ठेवतो असं ते वचन आहे. दुःखाबद्दल तोच पौल 2 करिंथच्या पहिल्याच अध्यायात लिहितो की आमच्यावर शक्तीपलीकडे भार आला, जगायची आशाच सोडली होती. तेव्हा झेपत नाही म्हणणं अविश्वास नाही.

प्रश्न: बरं होण्यासाठी प्रार्थना चालू आहे, एका बहिणीने सांगितलं खरा विश्वास असेल तर गोळ्या बंद कर. करू का?

उत्तर: अजिबात नाही. पौलाने 3 वेळा विनंती करूनही त्याच्या शरीरातला काटा (त्रासाला तो काटा म्हणतो) निघाला नाही, सोबती त्रफिमाला तो मिलेत शहरात आजारीच ठेवून आला, आपला तरुण सहकारी तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणाला, आणि त्याच्या सोबत असलेला लूक वैद्य होता. यातल्या कोणाचा विश्वास कमी होता? गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्यात तशाच चालू ठेवा, प्रार्थनाही चालू ठेवा, आणि काही बदल करायचा असेल तर त्या बहिणीला नाही, डॉक्टरांना विचारा.