दिवाळीआधी गावाकडचं घर साफ करायला भरवशाची माणसं कशी शोधावी?
तुम्ही पुण्यात आणि आईबाबा आर्वीजवळच्या गावात एकटे, तर जाहिरातीपेक्षा गावातल्या किराणावाल्याला नाहीतर पोलीस पाटलांना विचारा. कोणाचा हात साफ, कोणाचा लांब, त्यांना बरोबर ठाऊक असतं. वर्ध्याहून माणसं बोलावलीत तर आधी विचारा, "शहाबादी फरशी कशानं धुता?" 'ॲसिडनं' म्हणाले की नको म्हणा. शहाबादी म्हणजे चुनखडीच. ॲसिडनं ती खरबरीत होते, गेलेली चकाकी पुन्हा पॉलिश केल्याशिवाय परत येत नाही. ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर मिसळणारे तर दारातूनच परत पाठवा, विषारी क्लोरीन वायू निघतो. माळा आणि पाण्याची टाकी धरून किती पैसे, ते आधीच ठरवा. सगळे आगाऊ मागणारा माझ्या मते बाद. दागिने मात्र कुलपातच, माणूस कितीही ओळखीचा असो.