जुन्या प्रोसेसरवर पॅकेज बंद पडतं तेव्हा

प्रिय,

तुझं पॅकेज तुझ्याकडे व्यवस्थित चालतं, पण एका जुन्या लॅपटॉपवर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ (प्रोसेसरला न कळणारी सूचना) एवढंच दाखवून बंद पडतं, असं तू कळवलंस. आधी मूळ प्रकल्पाच्या बिल्ड फाइलींत ‘एमआर्च=नेटिव्ह’ शोध. तो पर्याय असला की कंपायलर, म्हणजे कोडचं प्रोसेसरच्या सूचनांत रूपांतर करणारा प्रोग्राम, बिल्ड करणाऱ्या मशीनच्याच प्रोसेसरला धरून कोड काढतो. स्वतःपुरतं बिल्ड करणाऱ्याला ते ठीक आहे, पण सगळ्यांना वाटल्या जाणाऱ्या लिनक्स डिस्ट्रोच्या (डेबियन, रेड हॅट अशा तयार लिनक्स संचाच्या) पॅकेजात ते राहता कामा नये. माझ्या सुरुवातीच्या एका पॅकेजात मी ते राहू दिलं होतं. बिल्ड सर्व्हर बदलला की पॅकेज कुठे चालणार तेही बदलायचं, आणि कारण हाती लागायला मला बरेच दिवस लागले.

मग डिस्ट्रो प्रोसेसरची किमान कोणती पातळी धरते ते पाहा. डेबियनच्या एएमडी६४ (६४-बिट पीसीसाठीच्या) आवृत्तीत एसएसई२ या जुन्या सूचना-संचाच्या पुढचं काही गृहीत धरता येत नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ ला एक्स८६-६४-व्ही२ ही प्रोसेसरची पातळी लागते, १० ला व्ही३, म्हणजे एव्हीएक्स२ हा नवा सूचना-संच आलाच. मशीनच्या वयावरून मात्र अंदाज बांधू नकोस. इंटेलच्या हॅसवेल प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ २०१३ साली आलं, तरी त्यानंतर कित्येक वर्षं सेलेरॉन आणि पेंटियम नावाने विकल्या गेलेल्या अनेक चिपमध्ये ते नव्हतं. बेताच्या पैशांत घेतलेल्या त्या मशीनवर आजही कुणाचा तरी अभ्यास चालू आहे. मला त्यांची काळजी वाटते, तुलाही वाटावी.

यासाठी वेग सोडावा लागत नाही. जीसीसी या कंपायलरचं ‘टार्गेट क्लोन्स’ एकाच फंक्शनच्या अनेक आवृत्त्या बनवतं आणि चालवताना प्रोसेसर पाहून योग्य ती निवडली जाते. अख्खी लायब्ररीच वेगळी हवी असेल, तर जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३३ पासून प्रोसेसरच्या पातळीनुसार लायब्ररी ठेवायच्या ‘एचडब्ल्यूकॅप्स’ फोल्डरची सोय आहे.

सी++ मध्ये एक खाच आहे, तिथे मीही फसलोय. समज, एकच फाइल एव्हीएक्स२ चालू करून कंपाइल केली आणि तिने हेडरमधलं (अनेक फाइलींत जोडल्या जाणाऱ्या सामायिक फाइलमधलं) एखादं टेम्प्लेट, म्हणजे कोडचा साचा, वापरलं. तेच टेम्प्लेट इतर फाइलींतही असतं. फाइली जोडून प्रोग्राम बनवणारा लिंकर त्याची एकच प्रत ठेवतो, आणि ती नेमकी एव्हीएक्स२ वाली निघू शकते. प्रोसेसरची तपासणी अचूक लिहिलेली असूनही प्रोग्राम भलत्याच ठिकाणी कोसळतो. अशा फाइलींत हेडर शक्य तितके कमी ठेव.

चाचणी क्यूईएमयू या नकली मशीन उभं करणाऱ्या प्रोग्राममध्ये, नेहालेमसारखं जुनं प्रोसेसर मॉडेल निवडून घे. पण त्यातली केव्हीएम ही वेग वाढवणारी सोय बंद ठेव. ती चालू असली की कोड खऱ्या प्रोसेसरवर धावतो, आणि लपवलेल्या काही सूचनाही बिनबोभाट चालून जातात.

मूळ प्रकल्पालाच एव्हीएक्स२ अनिवार्य असेल, तर पॅकेजच्या वर्णनात तसं स्पष्ट लिही. आणि त्या लॅपटॉपवाल्याकडून ‘प्रोक सीपीयूइन्फो’ या प्रोसेसरची माहिती देणाऱ्या फाइलमधली फ्लॅग्जची (प्रोसेसरला येणाऱ्या सोयींची) ओळ व बॅकट्रेस (कोसळताना प्रोग्राम कुठे होता त्याची यादी) मागव. आले की मला पाठव, आपण मिळून पाहू.